साहेबांचं पाठबळ

सामाजिक उद्योगांना पाठबळ देणाऱ्या एका विभागीय संस्थेच्या दादरच्या ऑफिसात ते साहेब बसतात. बसणं हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग. घोडपदेवमध्ये आम्ही काही बायका मिळून स्वयंपाकघर चालवतो. तुमच्या कार्यक्रमांच्या जेवणाचं काम आम्हाला द्या, एवढंच मागायला मी वर्षभर त्यांच्याकडे खेपा घालत होते. दर वेळी ते चष्मा काढत, डोळे मिटत आणि म्हणत, "कसंय ताई, आधी इकोसिस्टम उभी राहिली पाहिजे." ती कोण उभी करणार, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग त्यांनी मोठा मेळावा भरवला. व्यासपीठावरून अगदी गहिवरून म्हणाले, "खरेदी करायची तर आपल्या या भगिनींकडूनच करा!" पहिल्या रांगेत बसवलेल्या आम्ही भगिनींनी टाळ्या वाजवल्या. जेवण मात्र एका बड्या हॉटेलातून आलं होतं.

मी विचारलं, तर म्हणाले, "अहो, बाहेरचे पाहुणे होते. रिस्क कशाला घ्यायची?"

निघताना त्यांनी उरलेला पुलाव एका पिशवीत भरला आणि आमच्या सुमनताईंपुढे धरला. "न्या घरी, पोरं खातील."

सुमनताईंनी हात पाठीमागे घेतले. "नको साहेब. आमच्या पोरांना ताजं खायची सवय आहे."

आम्ही बाहेर पडलो. दारातून वळून पाहिलं, तर ते पिशवी पुढे धरून तसेच उभे होते आणि फोटोग्राफर त्यांना सांगत होता, "सर, जरा स्माइल."