भोंगा झाला की खिडकी उघडायची

आमच्या गावाच्या वरल्या अंगाला, जळकोटच्या रस्त्याला खडीची खाण हाय. दुपारी तिथं भोंगा वाजतो आन् मग सुरुंग उडतो. भोंगा ऐकला की बायको चुलीपुढून ओरडायची, "आवं, खिडकी उघडा की! बसलात काय?" मी उठून काचेच्या दोन्ही फळ्या उघडायचो. हवा आरपार गेली की काच वाचती, असं तिचं म्हणणं. आळीत सगळ्यांच्या काचा फुटल्या, लोकांनी पुठ्ठे ठोकले. तिच्या राहिल्या. ती मात्र संक्रांतीनंतर गेली.

परवा खाणवाल्यांनी एक इंजिनेर पोरगी पाठवली. काचेला आतून पातळ फिल्म चिकटवली तर सुरुंगाचा दणका सोसती का, ते तिला बघायचं होतं. सोसली तर आळीत सगळ्यांना तशाच काचा बसवणार. काचेची खिडकी माझीच उरलेली. न्हाय कसं म्हणू? पर बायकोनं इतकी वर्सं जपलेली काच ती.

पोरीनं एका काचेला फिल्म लावली, दुसरी तशीच ठेवली, फळ्या लावून घेतल्या.

"आजोबा, भोंगा झाला की बाहेर या. खिडकीला हात लावू नका."

"बरं."

भोंगा वाजला आन् मी उठून खिडकी उघडली. मुद्दाम न्हाय. हातच गेला. सुरुंग उडाला, काचा धड.

पोरगी धावत आली. "काय केलंत हे? आजचा दिवस वाया!"

"न्हाय उघडली की ती ओरडती, पोरी."

"कोण?"

मी भिंतीवरल्या फोटोकडं बघितलं. पोरगी खाली बसली. म्हणाली, "आधी सांगायचं नाही का? साधी काच बाजारात मिळते. मला हीच कशाला हवी?"

तिनं अणदूरहून दोन नव्या काचा आणवून बसवल्या, एकीला फिल्म लावली. बायकोच्या काचा मी तिच्याच वाकळीत गुंडाळून बाजेखाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी भोंग्याला मी बाहेर लिंबाखाली उभा, हात काखेत दाबून. सुरुंग उडाला. साधी काच फुटून घरभर झाली. फिल्मवाली तडकली, पर फळी सोडली न्हाय. पोरगी लई खूश.

बायकोच्या काचा मी माझ्या हातानं परत बसवल्या. एकीला पहिल्या दिवसाची फिल्म होतीच.

"राहिलेल्या काचेलाही फिल्म लावू का, आजोबा?"

"लाव. पर भोंगा झाला की खिडकी मी उघडणारच."

"उघडा," ती म्हणाली. "आजींनी सांगितलंय ना."