स्पिरिटनं विसळलेली बाटली

बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात मी एकच गोष्ट मनापासून शिकलो: भांडं स्वच्छ नसेल तर उत्तर चुकतं. माझी उत्तरं भांडं स्वच्छ असूनही चुकत, तो भाग वेगळा. पण भांडी विसळण्यात वर्गात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहापूरला प्रॅक्टिकल आटपून दुपारी आटगावच्या नाक्यावर जीपमधून उतरलो. दप्तरात घरच्या पेट्रोमॅक्ससाठी प्रयोगशाळेच्या शिपायाकडून मागून आणलेली स्पिरिटची बाटली होती. नाक्यावर एक हवालदार उभे होते. जवळच्या पाड्यावर हातभट्टीवर धाड घालायची होती आणि पंचनाम्यावर सही करायला त्यांना माणूस हवा होता. माझा पांढरा शर्ट बघून त्यांनी मला बोलावलं. मला निवडून आल्यासारखं वाटलं.

पाड्यावर एका म्हातारीच्या घरामागे मोहाच्या दारूचा डबा सापडला. म्हातारी पळाली नाही. पाहुणे जेवणाच्या आधीच टपकावेत तशी ओट्यावर बसून आमच्याकडे बघत राहिली. हवालदारांनी नमुन्यासाठी रिकामी बाटली काढली. तिच्या तळाला काहीतरी पिवळट चिकटलं होतं. माझ्यातला शास्त्रज्ञ अस्वस्थ झाला. अशानं निकाल चुकेल म्हणत मी दप्तरातलं स्पिरिट तिच्यात ओतलं, हलवलं, झटकलं आणि बाटली लखलखीत करून दिली. हवालदार खूश झाले. नमुना भरला, लाखेचं सील लागलं, कागदावर ‘स्वच्छ व कोरड्या बाटलीत’ असं लिहिलं गेलं. खाली मी वळणदार सही ठोकली.

पुढे रसायनशास्त्रात जेमतेम पास झालो. त्या गुणांवर कोणी नोकरी देईना, म्हणून दोन हजार साल उलटल्यावर कायद्याला नाव घातलं. पुराव्याच्या तासाला सरांनी शिकवलं की जप्त केलेल्या वस्तूला बाहेरचं काही लागलं, की तिच्यावर शंका घेता येते. मी ते वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. त्याचा माझ्याशी संबंध आहे हे कळायला आणखी पंधरा दिवस लागले, तेही घरी साक्षीचं समन्स आलं म्हणून.

कोर्टाच्या व्हरांड्यात म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. आत घातलं तर शेळ्या कोण बघेल, एवढंच वकिलाला पुन्हा पुन्हा विचारत होती. हवालदार आता निवृत्तीला आले होते. कागदावर आहे तेवढ्याला ‘हो’ म्हण, म्हणाले. रसायनशास्त्राच्या हिशेबानं त्यांचंच बरोबर होतं. बाटलीत राहिलेल्या चार थेंबांनी काय फरक पडणार? दारू होती ती दारूच होती. कायद्याच्या हिशेबानं मात्र स्पिरिट म्हणजेही अल्कोहोलच, आणि त्या चार थेंबांनी फरक पडतो की नाही हे मी ठरवायचं नव्हतं. शिवाय साक्ष कशी देतात हे दाखवायला मी वर्गातले दोन मित्र मोठ्या ऐटीत सोबत आणले होते.

सरकारी वकिलांनी विचारलं, “नमुना स्वच्छ आणि कोरड्या बाटलीत घेतला, बरोबर?”

“स्वच्छ होती,” मी म्हणालो. “मीच विसळली. स्पिरिटनं.”

न्यायाधीशांनी मान वर केली. “कशानं?”

“स्पिरिटनं, साहेब. मी केमिस्ट्रीला होतो.”

मागे हसू फुटलं. त्यात माझे दोन्ही मित्र होते.

महिन्याभरानं निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन म्हातारीला सोडलं. मी मुद्दाम गेलो होतो. हवालदार बाहेर तंबाखू मळत उभे होते. ओरडले नाहीत. “फितूर पंच लय बघितले,” म्हणाले. “विसळून देणारा पहिलाच.”

तेवढ्यात म्हातारी माझ्याकडे आली. आशीर्वाद मिळेल म्हणून मी थोडा वाकलोसुद्धा.

“माज्या दारूत इस्पिरिट हाय, असा बोललास तू? सगल्या कोर्टाम्होरं?”

“अगं आजी, त्यामुळंच सुटलीस ना.”

“सुटली ती सुटली. पन आता कोन घेल माज्याकडची? इस्पिरिटवाली बोलतील मला.”

मग तिची गाडी येईपर्यंत मी तिला समजावत राहिलो, की दोष बाटलीत होता, तिच्या दारूत स्पिरिटचा थेंब नव्हता, तिच्यासारखी शुद्ध दारू त्या पट्ट्यात कोणी गाळत नाही. ती हळूहळू शांत झाली. हवालदार शेजारीच उभे राहून सगळं ऐकत होते.