लवूमामांचं गाऱ्हाणं

लवूमामा गिरणीत साच्यावर कापड विणत. पण लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची ओळख गाऱ्हाणं घालणारे म्हणून. खालच्या मजल्यावर गावकीच्या खोलीत त्यांच्या कोकणातल्या गावचे बावीस जण राहत. कुणी आजारी पडलं, कुणाला नोकरी लागली, की मामा नारळ हातात घेऊन ग्रामदैवताला हाक घालत आणि बाकीचे "होय म्हाराजा!" म्हणत. एकदा तसं म्हटलं की तो शब्द पाळायचाच. त्यापुढे कोर्टाचा कागदही फिका.

सत्तावन्नच्या निवडणुकीत, गिरणीत माणसं कामाला लावणाऱ्या बाबुराव जॉबरने हे बरोबर हेरलं. माणूस घाटावरचा, पण नस ओळखणारा. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये, ही गिरणीच्या शेठची इच्छा. सत्ताधारी पक्षाचा तिथला उमेदवार तर जणू शेठच्या पदरचाच. प्रचाराच्या जीपा गिरणीच्या, पत्रकं गिरणीच्या खर्चाने, आणि त्याच्या सभेला गर्दी हवी म्हणून पाळी तासभर आधी सुटायची! मतं तेवढी अजून कामगारांच्या हातात होती.

एका रविवारी शेठच्या खर्चाने खोलीत मटण शिजलं. वास तिन्ही मजल्यांवर. पानं मांडल्यावर बाबुराव म्हणाला, "लवूमामा, आज गाऱ्हाण्यात चार शब्द वाढवा. सगळ्यांची मतं शेठच्या माणसाला, एवढंच. तुमचे साचे तुमच्याकडेच राहतील. नाहीतर गेटवर काम मागणाऱ्या बदलीवाल्यांची रांग आहेच."

गावी मामांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. सगळं घर त्या साच्यांवर. जिन्यात उभी राहून मी ऐकत होते.

"बाबुराव," मामा शांतपणे म्हणाले, "देव काय शेठाच्या खात्यात कामाक आसा?"

खोलीत खसखस पिकली. "मामा, आटपा, मटाण थंड होता हा!" पानावर बसलेला रघु ओरडला.

मामांनी नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा! शेठाचा मटाण हे आज खातले. तेचो काय दोष आसात तो माझ्या एकट्याच्या माथ्यार घाल. पण ह्या माणसांका बांधून घेव नको. ज्याचा मत तेच्या मनाप्रमाणे पडांदे, म्हाराजा!"

मग बावीस जणांचा एकच आवाज उठला, "होय म्हाराजा!" बाबुराव न जेवताच निघून गेला.

सोमवारी कापडात खोट काढून मामांना गेटबाहेर केलं. मंगळवारी मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्या समितीची मंडळी आली. "मामा, आता आमच्या बाजूने एक गाऱ्हाणं होऊन जाऊ दे." मामा स्वतः समितीच्या सगळ्या मोर्च्यांना गेलेले, तरी त्यांनाही मान हलवून नाहीच म्हणाले. मला त्यांचं खरं कौतुक वाटलं ते तिथे. शेठला नकार द्यायला छाती लागते, पण आपल्याच माणसांना तोच नकार द्यायचा म्हणजे!

मतदानाच्या दिवशी खोलीतली माणसं आंघोळी करून एकेक करत गेली. जथ्याने कुणी गेलं नाही. मामा तोवर गावाहून कोकमं मागवून दारोदार विकायला लागले होते. दुपारी पिशवी घेऊन आमच्याकडे आले, तेव्हा मला राहवेना. "मामा, कुणाला दिलंत हो मत?"

"वयनी," कोकमं मापता मापता ते हसले, "ता मी देवाकपण सांगूक नाय."