केळीच्या पाण्याची पाळी

वॉकर आडवा पडला होता आणि राऊतकाका खाटेच्या कडेला थरथरत उभे होते. खुब्याचं ऑपरेशन परवाच झालेलं. पडले असते तर नवा बसवलेला सांधा निखळला असता, आणि त्यांच्या हृदयाकडे पाहता पुन्हा टेबलावर घ्यायची सर्जनची तयारी नव्हती.

मी विरारच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. काका जवळच्याच नंदाखाल गावचे, केळीची वाडी असलेले. ऑपरेशननंतर वयस्कर माणसांना कधीकधी भ्रम होतो. आम्ही त्याला डिलिरियम म्हणतो. बहुतेकांचा थोड्या दिवसांत उतरतो, पण तोवर माणूस भलतीकडेच असतो. काका आपल्या वाडीत होते.

“मना जाव दे! केळीला पानी सोडायसा हाय!”

“काका, तुम्ही हॉस्पिटलात आहात,” वॉर्डच्या इन-चार्ज डिमेलो सिस्टर म्हणाल्या. काकांनी त्यांच्याकडे चोर पकडल्यासारखं पाहिलं. तेवढ्यात सिक्युरिटीचा यादव धावत आला.

“पकडू क्या, मॅडम?”

“हात नको लावूस,” मी म्हणाले. “ती उंच खुर्ची त्यांच्या मागे आण.”

घट्ट धरलं की माणूस सुटायला दुप्पट जोर लावतो. हे मला हॉस्पिटलाने नाही, ताय चीने शिकवलं. आगाशीला मी सकाळी ताय चीचा वर्ग घेते. संथपणे हात फिरवणारी आमची मंडळी पाहून येणारेजाणारे हसतात. पण ही मुळात लढायची विद्या. जोडीच्या सरावात मनगटाला मनगट टेकवायचं. समोरच्याने ढकललं की अडवायचं नाही, सुटून पळायचंही नाही. जोर कुठे चाललाय ते हाताच्या कातडीने ओळखायचं. याला आम्ही ‘ऐकणं’ म्हणतो. मग कंबर वळवून त्या जोराला वाट द्यायची. इतकी वर्षं मी हे केलं ते हसतखेळत ढकलणाऱ्यांबरोबर. जिवाच्या आकांताने मला कुणी ढकललंच नव्हतं.

मी काकांच्या हातांखाली माझे हात ठेवले. त्यांनी ढकललं. बापरे, काय जोर! आयुष्यभर नारळ-केळी वाहिलेले हात ते. मी मागे सरले, पण स्पर्श सोडला नाही. त्यांचा भार माझ्या हातांवर आला, दुखऱ्या पायावरचा कमी झाला. पुढचा रेटा उजवीकडे येणार हे मला आधीच कळलं. कसं, ते आजही सांगता येत नाही. कंबर किंचित वळली आणि काका अलगद यादवने आणलेल्या खुर्चीला पाठ करून थांबले. माझ्या अंगावर काटा आला. कारण हेच वळण तसंच पुढे नेलं तर समोरचा जमिनीवर आदळतो. पाडायची आणि सावरायची रीत अर्ध्यापर्यंत एकच होती.

“बसा, काका,” मी म्हणाले आणि घोळ केला. त्यांनी गुडघे ताठ केले.

एवढ्यात काकू खालून चहा घेऊन आल्या. नवऱ्याकडे पाहिलं, चहा ठेवला आणि जराही आवाज न चढवता म्हणाल्या, “अवो, मिनं सोडला पानी. आपली पाळी झाली. केळी प्याली पोटभर.”

“बांध फुटला नाय ना?”

“नाय. बसा आता.”

काका बसले.

यादवने काकूंना सरळ नमस्कारच केला. काकू कपात चहा ओतत होत्या.

“मार्शल आर्ट म्हणतेस आणि मारलं तर कुणालाच नाहीस,” सिस्टर मला म्हणाल्या. “शिकवशील आमच्या स्टाफला?”

“शिकवते. पण पहिला धडा काकूंचा.”

काही दिवसांनी भ्रम उतरला आणि राऊतकाका वॉकर घेऊन, स्वतःच्या पायांनी घरी गेले. वर्गात नवं कुणी आलं की हल्ली मी आधीच सांगते: समोरचा चुकतोय हे त्याला पटवून द्यायची घाई असेल, तर ही विद्या तुमच्या कामाची नाही.