चार वाजताची वही

माझं सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. दुपारी चार वाजून गेले होते. देवतळे सरांनी आमच्या वहीतल्या दीड वाजताच्या आकड्यावर पेनाचं टोक टेकवलं. त्या टोकाखालच्या आकड्यानं माझं कॉलेज गेलं, आणि जिच्यासाठी मी तो आकडा खाली आणला होता तीही गेली.

सरांना या महिन्यात साठ पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथात विद्यार्थ्यांनीही लिहावं असं समितीनं ठरवलं, तेव्हा डिग्री पूर्ण केलेले शेकडो विद्यार्थी असताना मला फोन आला. फोन रेवतीचा होता. ती आता सरांच्याच लॅबमध्ये शिकवते आणि ग्रंथाचं संपादनही तीच पाहते. तिनं एवढंच सांगितलं, "सरांवर लिही. स्वतःवर नको." मी प्रयत्न केला. जमलं नाही, त्याची क्षमा मागतो.

सरांची पहिली ओळख थर्ड इयरच्या पहिल्या तासाला झाली. विषय होता ऑपरेटिंग सिस्टीम, त्यातही मेमरी मॅनेजमेंट. आम्हाला वाटलं, आता पुस्तकातली व्याख्या फळ्यावर येणार. सरांनी विचारलं, "सेक्टर के क्वार्टर में कौन-कौन रहता है?" अर्ध्या वर्गानं हात वर केले. माझे बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण माझा जन्मच प्लांटनं दिलेल्या क्वार्टरमधला. सरांनी मला उभं केलं.

"बाबा रिटायर झाले की क्वार्टरचं काय करतील?"

"चाबी वापस देतील, सर."

"आणि एक डुप्लिकेट चाबी तुझ्या खिशात राहिली तर?"

"काही नाही, सर. राहील."

"आणि दोन महिन्यांनी तू सवयीनं तिकडेच गेलास, कुलूप उघडून आत शिरलास. तिथे आता दुसऱ्याचं बिऱ्हाड आहे. त्यांची बाई पोळ्या करून राहिली, आणि तू म्हणतो, आई, वाढ!"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "प्रोग्राम असाच मरतो. परत केलेली जागा तो आपलीच समजून वापरतो. आणि प्रोग्रामला त्या घरची बाई ओरडून हाकलत नाही. तो गुपचूप तिच्या डब्यात हात घालतो. गडबड तिसऱ्याच ठिकाणी, तिसऱ्याच दिवशी दिसते."

मेमरी मॅनेजमेंट म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. मागायचं, वापरायचं, वेळेवर परत द्यायचं, आणि परत दिल्यावर खिशात चावी ठेवायची नाही. चारच गोष्टी. मला एकही पाळता आली नाही.

कॉलेजात येण्याआधी सर बरीच वर्षं एका खासगी रोलिंग मिलमध्ये होते. तिथला एक प्रोग्राम दर पाळीला अडकायचा. ऑपरेटर तो बंद करून पुन्हा चालू करायचे आणि कामाला लागायचे. सगळ्यांना वाटायचं हीच रीत. प्रोग्राम घेतलेली जागा परत करत नव्हता आणि आठ तासांत त्याच्याकडची जागा संपत होती, हे शोधायला सरांना तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांनी त्यांना एक हट्ट लावला. ते म्हणायचे, "रीस्टार्ट म्हणजे इलाज नाही. रीस्टार्ट म्हणजे रोग्याले उचलून दुसऱ्या खाटेवर टाकणं."

म्हणून त्यांची प्रॅक्टिकल परीक्षा जगावेगळी होती. दोघांच्या जोडीनं एक छोटा मेमरी मॅनेजर लिहायचा, म्हणजे कामांना जागा वाटणारा आणि काम झालं की परत घेणारा प्रोग्राम. तो सकाळी दहाला सुरू करायचा आणि चारपर्यंत हात लावायचा नाही. दर अर्ध्या तासानं त्यानं किती मेमरी धरली आहे ते वहीत पेनानं लिहायचं. कॉम्प्युटर आपोआप लिहू शकतो हे सरांना माहीत होतं. पण हातानं लिहिलेला आकडा माणूस बघतो, असं ते म्हणत. चार वाजता सर स्वतः येऊन वह्या उघडत. आकडे दिवसभर एका जागी राहिले तर पास, चढत राहिले तर नापास. गुण दोघांना सारखेच.

माझी जोडीदार रेवती होती. दुर्गच्या जुन्या मराठी घरातली, रेल्वेच्या लोकोशेडपासून बसनं यायची, नाक वर करून बोलायची. मी तिच्यावर किती जीव टाकत होतो ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की तिच्या डब्यातली भाजी कुठल्या वारी कुठली असते ते मला तोंडपाठ होतं.

परीक्षेच्या चार दिवस आधी आमचा प्रोग्राम पडायला, म्हणजे मध्येच बंद व्हायला लागला. कधी वीस मिनिटांत, कधी तासाभरात. तिच्या भागातही आणि माझ्या भागातही जागा घेतली-दिली जायची. कुठेतरी परत केलेली जागा पुन्हा वापरली जात होती, डुप्लिकेट चावीसारखी. रेवतीचा पुढच्या आठवड्यात कंपनीचा इंटरव्ह्यू होता. एकही विषय अडकलेला नको, अशी अट होती.

"तुषार, हो जाएगा ना?" तिनं विचारलं.

"झालंच समज. मी बघतो."

मी दोन दिवस शोधलं. सापडलं नाही. मग मी जे केलं ते फक्त आमच्या धंद्यातला माणूसच करू शकतो. जागा परत करायची ओळच काढून टाकली. कोणी चावी परतच केली नाही तर कोणी कोणाच्या घरात शिरणार नाही. प्रोग्राम पडायचा थांबला. रेवतीनं माझ्या पाठीत एक धपका मारला, म्हणाली, "मानलं बॉस!" त्या धपक्यासाठी मी आणखी काहीही काढून टाकलं असतं.

परीक्षेच्या दिवशी आकडा चढू लागला. तो चढणारच होता, परत येणारं काहीच नव्हतं. एक वाजता मशीन धापा टाकत होतं. मेमरी भरली की मशीन काम सोडतं आणि डिस्कवर सामान नेण्या-आणण्यातच दमून जातं. रेवती मैत्रिणींबरोबर जेवायला गेली. मी थांबलो, प्रोग्राम बंद केला, पुन्हा चालू केला. दीड वाजता ती आली, स्क्रीन बघितला, आणि तिच्या सुंदर अक्षरात आकडा लिहिला. सकाळी दहाला होता तोच.

"अरे, उतरलं!"

"आपोआप साफ होतं," मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवला. पानाच्या खाली दोघांच्या सह्या होत्या.

चार वाजता सरांनी पेन टेकवलं. मग म्हणाले, "जेवण आपण केलं. वजन याचं कसं काय उतरलं बे?"

मला खरं सांगायला फक्त तोंड उघडायचं होतं. उघडलंही. पण त्यातून निघालं ते असं: "सर, हिच्या भागात गडबड होती. प्रोग्राम सारखा पडून राहिला होता, म्हणून मले रीस्टार्ट करावं लागलं."

"माझ्या भागात?" रेवती म्हणाली. बस, दोनच शब्द.

सरांनी दोघांना शून्य दिलं. ती बाहेर गेल्यावर मी सरांचे पाय धरायचे बाकी ठेवले. "मला नापास करा, तिला सोडा. तिचा इंटरव्ह्यू आहे, सर."

"मग लिहून दे, चूक कोणाची. कागद हा घे."

सरांनी खरंच कागद पुढे सरकवला. माझं डोकं फिरलं. चूक कोणाची हे मला तेव्हा ठाम माहीत नव्हतं, पण माझीच निघेल ही भीती होती. ती एकदा कागदावर आली की रेवती पुन्हा माझ्याकडे बघणार नाही, एवढंच मला दिसलं. मी खुर्ची लाथाडली. "ठेवा तुमचं कॉलेज तुमच्यापाशी!" म्हणालो आणि दार असं आपटलं की काच तडकली. पुन्हा गेलो नाही. रेवतीचा इंटरव्ह्यू हुकला. तिनं तो अडकलेला पेपर पुढच्या वर्षी पास होऊन काढला.

समितीला व्यक्तिगत आठवणीही हव्या आहेत, म्हणून सांगतो. महिन्याभरानं सर स्कूटरवर आमच्या क्वार्टरवर आले. बाबा त्यांना म्हणाले, "सर, हा पोरगा वाया गेला." सर म्हणाले, "वाया नाही गेला, दादा. तापला आहे. थंड होईल." त्यांनी मला कुम्हारीच्या एका छोट्या कारखान्यात लावून दिलं. तिथे ट्रक तोलायच्या काट्याचे डिस्प्ले बनतात. त्यातल्या चिपमध्ये मेमरी इतकी थोडी, की एक ओळ जास्त लिहिली तर दुसरी काढावी लागते. पुढचं वर्षभर दर रविवारी सकाळी सर भिलाईहून स्कूटरनं कुम्हारीला यायचे आणि मला शिकवायचे. एकदा एक डिस्प्ले तिसऱ्या दिवशी अडकायचा, तर सर डोक्याला गमछा बांधून तीन तास काट्यापाशी उभे राहिले, ट्रकमागून ट्रक, वहीत आकडे लिहीत. मालक म्हणाला, "गुरुजी, बंद करके चालू कर दो ना!" सर त्याच्याकडे असे बघत राहिले की तो ऑफिसात निघून गेला.

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "सर, त्या प्रोग्राममध्ये चूक कोणाची होती?"

"तुझी. तुझ्या भागात एकोणिसावी ओळ. मले त्याच संध्याकाळी दिसली होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू लिहून देशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

"तुमच्या वाट बघण्यात तिचा इंटरव्ह्यू गेला ना, सर!"

मी ओरडलो. ट्रकवाले बघायला लागले. सरांनी वही बंद केली, गमछा सोडला, घाम पुसला.

"हो," ते म्हणाले. "ते माझ्याकडून चुकलं. तिले वेगळे गुण द्यायले पाहिजे होते. नियम माझाच होता, मलेच मोडता नाही आला."

इतक्या वर्षांत चूक कबूल करणारा मोठा माणूस मी एकच पाहिला. मी त्यांना माफ केलं असं लिहिणं शोभलं असतं. नाही केलं. त्यांच्या नियमानं एका मुलीचं वर्ष गेलं, आणि तो नियम माझ्या खोट्याला आडोसा झाला. पण चुकलं म्हणताना त्यांना दहा सेकंदं लागली, मला चार वर्षं. म्हणून इथे, सर्वांसमोर लिहून देतो, सरांनी मागितलेला तो कागद हाच समजावा: एकोणिसावी ओळ माझी होती. रेवतीच्या भागात काहीही चूक नव्हती.

लेख इथे संपायचा होता. काल तो द्यायला लॅबमध्ये गेलो. दाराची काच नवी आहे. सर कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते. रेवतीनं उभ्या उभ्या सगळा वाचला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, जसा त्या दिवशी चढत्या आकड्याकडे बघत होतो.

"एकोणीस नाही, बावीस," ती म्हणाली. "वर तुझी तीन ओळींची कॉमेंट होती, नुसती टीप. सर कॉमेंट मोजत नाहीत."

"तुला माहीत होतं?"

"पुढच्या वर्षी तोच प्रोग्राम मी दुरुस्त केला, तुषार. पेपर कसा निघाला वाटतं तुला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. सहा महिने फोन उशाशी ठेवत होते. नंतर ठेवला नाही." तिनं कागद सरळ केले. "छापू ना हे सगळं?"

"छाप."

"मग माझं लग्न ठरलंय, हेही लिही. नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल अजून काही बाकी आहे."

लिहिलं.

सर सगळं ऐकत होते. मी त्यांच्या पाया पडलो. सरांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, स्कूटर एका किकमध्ये सुरू होवो. चार वाजता वही उघडून खरा आकडा विचारणारे सर आमच्यासारख्यांना पुढची कित्येक वर्षं मिळत राहोत, आणि त्यांच्या नियमापेक्षा त्यांचं मन एक पाऊल पुढे असो. हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "येतो, सर."

"ये," सर म्हणाले. मग त्यांच्या रोजच्या सवयीनं, वहीतून मान वर न करता म्हणाले, "आणि दार लावून घे. एसी चालू आहे."

मी बाहेर आलो आणि काचेला धक्का लागू न देता दार लावून घेतलं.