प्रार्थनाघराच्या ओसरीवरचं पाणी

बायको गेल्यापासून मी अमरावतीला राहतो. डोळे मिटले की मात्र अकोलाच दिसतं. मोर्णेच्या काठानं कापसाच्या गाड्या चाललेल्या, आणि हवेत तरंगणारे तंतू, जणू भर दिवसा कुणी झोप पिंजत बसलं आहे.

अमेरिकेत लढाई पेटली त्या वर्षांत आमचा कापूस सोन्याच्या मोलाचा झाला, आणि त्यामुळेच नागपूरकडच्या कोष्ट्यांचे माग थांबले. सूत परवडेना. ती माणसं बायकापोरांसह आगगाडीच्या रस्त्यावर माती टाकायला आमच्याकडे आली, नदीपलीकडे पालं ठोकून राहिली. तिथं त्यांना हिवतापानं गाठलं.

सरकारी दवाखाना लांब होता. पालांजवळ होतं पाद्रीसाहेबांचं प्रार्थनाघर. दवाखान्याच्या डॉक्टरांनी औषध वाटायला तिथली ओसरी मागितली, साहेबांनी दिली. औषध वाटून होईतो उपदेश करायचा नाही, असं दोघांत ठरलं. तरी कुणी फिरकेना. औषध पाण्यातून घ्यायचं, आणि पाणी साहेबांच्या घरचं. ते पिऊन जात कशी राहावी?

मी शाळेत शिकवत असे. डॉक्टरांनी हा पेच मला सांगितला, मी घरी बोललो. आम्ही माळी, आमच्या हातचं पाणी कोष्ट्यांना चाले. दुसऱ्या सकाळी बायकोनं मळ्यातल्या विहिरीच्या पाण्याची घागर कमरेवर घेतली. शेजारीण दारातूनच म्हणाली, "काहो मास्तरीनबाई, येशूच्या घरी पानक्याची नोकरी धरली का?"

"धरली. तुमाले लावून देऊ?" म्हणत ही पुढे गेली.

मी शाळेत गेलो; पुढचं मला तिनंच मागाहून सांगितलं. ओसरीच्या पायरीवर ती बराच वेळ एकटीच बसली. मग एक कोष्टीण आली. खांद्यावरची मुलगी तापानं निपचित झालेली. तिनं घागरीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "पानी पेलं तं जात जाते, नाही पेलं तं पोर जाते. मी काय करू, बाई?"

"पानी आमच्या मयातलं हाय. लोटा तुहा, पुडी तूच टाक. साहेब हात लावत नाही."

साहेब आत गेले. डॉक्टरांनी पुडी कठड्यावर ठेवली आणि तेही मागे सरले. कोष्टिणीनं लोट्यात पाणी घेतलं, पुडी कालवली, आधी स्वतः घोट घेतला. कडूपणानं तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मुलीनं पहिला घोट थुंकला. डॉक्टरांनी दुसरी पुडी पुढे सरकवली. ती पोटात राहिली.

आई दिवसभर हलली नाही. ऊन कलतं झालं तेव्हा मुलीला दरदरून घाम सुटला. डोळे उघडून तिनं भाकर मागितली. आई मुलीला माझ्या बायकोच्या मांडीवर टाकून पालाकडे पळाली, चूल पेटवायला.

मी शाळेतून तिथं पोचलो तेव्हा दोघी झोपल्या होत्या, एक मांडीवर आणि एक भिंतीला टेकून. खाली अंगणात पालांतली माणसं आपापले लोटे घेऊन उभी होती. कुणीच माझ्या बायकोला उठवत नव्हतं.