मास्तरांचा कुत्रा आणि तीन तलंगा

चादरीचं एक टोक पिळून झालं होतं, दुसरं बादलीतच होतं, तेवढ्यात परसातून थोरल्या जाऊबाईंची हाक आली.

"तिसरी तलंग गेली गं! आता मात्र हद्द झाली."

खुराड्यामागे त्या कोवळ्या कोंबडीच्या तपकिरी पिसांचा ढीग पडला होता. त्यात शेजारच्या शिंपी मास्तरांचा म्हातारा कुत्रा उभा, ओठाला पीस चिकटलेलं. जाऊबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. संध्याकाळी दूधवाल्याच्या गाडीतून कुत्र्याची रवानगी, लांबच्या गोठ्यावर.

मास्तर एकटे राहतात. बायको गेल्यापासून सहा वर्षं हा कुत्रा मशीनखाली त्यांच्या पावलावर मान टाकून झोपतो. मग दुसऱ्याच पायाने पायडल हळूहळू चालतं. गिऱ्हाईक उशिराबद्दल कुरकुरलं की म्हणतात, "तो उठला की देतो." माणूस मात्र असा, की दिलेला ब्लाऊज बाहीत दोराभर चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःच मागायला आले होते.

गळ्यात टेप तसाच ठेवून ते आले.

"त्याने केलं असेल तर मीच त्याला गाडीत बसवीन, वहिनी. आधी बघू द्या."

ते उकिडवे बसले आणि एकेक पीस उन्हात धरून बघू लागले.

"मास्तर, कोंबडी गेलीय माझी. परकर नाही शिवायचा!"

"कुत्रा चावतो तेव्हा देठ चेचतो, पीस लाळेने चिकट होतं," मास्तर आपल्याच तंद्रीत म्हणाले. "हे सगळे देठ मुळासकट निघालेत. उसवणाऱ्याचा हात सफाईचा आहे." मग त्यांनी भिंत दाखवली. वरून खाली पांढऱ्या विष्ठेची ओली रेघ होती. "आणि हे वर बसणाऱ्याचं काम."

"मग ह्याच्या तोंडातलं पीस?"

"चोर गेल्यावर गर्दी करणारे असतातच."

जाऊबाई हसल्या नाहीत. "डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी मानणार नाही."

म्हणून आम्ही तिघं मागच्या ओसरीत बसलो. मी चादर वाळत घातली आणि मनात देवाचं नाव घेत राहिले. दुपार पाण्याखाली असावी तशी शांत होती. पिसं उठायची, थोडी तरंगायची, पुन्हा बसायची. कुत्र्याचा श्वास, चादरीतून ठिबकणारं पाणी आणि माझं नाम, तिन्ही एकाच लयीत चालली होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग कोंबड्याने बारीक, लांबलचक सूर काढला. कोंबड्या खुराड्याखाली पळाल्या. चादरीवरून एक सावली अशी सरकली, जसा झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून कुणी हात फिरवावा. भिंतीवर पक्षी उतरला. राखाडी पाठ, छातीवर आडव्या रेघा. तो आमच्याकडे बघत राहिला, आम्ही त्याच्याकडे. इतका देखणा, की मला त्याचा राग आला नाही. देवाने त्यालाही पोट दिलंय.

"बाज," मास्तर पुटपुटले.

जाऊबाई उठल्या तसा तो उडाला.

"मेल्याचे डोळे बघितले? पिवळेजर्द!" त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दूधवाल्याला सांगते, नुसतं दूध दे आणि जा."

मास्तरांनी कुत्र्याची मान थोपटली. मग ते उठले, खुराड्यापुढची जागा टेपने मोजली, बारा फूट लांब, आठ रुंद, आणि वरून टाकायची जाळी आणायला हार्डवेअरच्या दुकानाकडे निघाले.